हिवाळ्यात घर उबदार ठेवताना हीटर सगळ्यात शेवटी

आमच्या घरात थंडीवरून दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, अंगावर घाला आणि कामाला लागा, हीटर म्हणजे उधळपट्टी. दुसरा पक्ष घरात पाऊल टाकल्या टाकल्या हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवायचा. आई कुठल्याच पक्षात नव्हती. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला नाही बाई थंडी वाजत." एका हिवाळ्यात मी प्रत्येक खोलीत तापमापक ठेवून पाहिला. बसायच्या खोलीत २१ अंश, आणि आईच्या खोलीत पहाटे १४. तिचे हात गारठले होते, आणि तरीही तिला खरोखरच थंडी जाणवत नव्हती. वय वाढतं तशी थंडी ओळखायची शरीराची क्षमता मंदावते. मला हे आधी कळायला हवं होतं.

त्या दिवसापासून आम्ही कामाचा क्रम बदलला. आधी मोजायचं. मग ऊब कुठून निसटते ते शोधून बुजवायचं. मग माणसांना ऊब द्यायची, घरातली ओल बाहेर काढायची, आणि एवढं करूनही जे कमी पडेल तेवढंच हीटरकडून घ्यायचं. बहुतेक घरांत हाच क्रम उलटा चालतो, म्हणून बिल वाढतं आणि पाय गारच राहतात. पुढे सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

पहिलं काम: मोजणं

तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारा साधा डिजिटल मापक घ्या. तो बसल्यावर आपली छाती येते त्या उंचीवर ठेवा. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, उन्हात नको, हीटरजवळ नको. चार-पाच दिवस तीन वेळा आकडे लिहून ठेवा: उठल्याबरोबर, दुपारी आणि रात्री झोपताना. झोपायच्या खोलीतला पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो कोणी पाहत नाही.

किती अंश पुरेसे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घर आणि आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांसाठी १८ अंश सेल्सिअस हे घरातलं सुरक्षित किमान तापमान धरलं आहे. म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतं. दिवसभर एका जागी बसून असणाऱ्या वृद्ध माणसाच्या खोलीत मी २० ते २१ अंश ठेवतो. धडधाकट माणूस जाड रजईत झोपणार असेल तर खोली थोडी थंड असली तरी बिघडत नाही.

पण एकट्या हवेच्या तापमानावरून सगळं कळत नाही. आपलं अंग समोरच्या भिंतीला, काचेला, फरशीलाही उष्णता देत असतं, मधली हवा कितीही गरम असो. खोलीची हवा २० अंश आणि भोवतालच्या भिंती १२ अंश असतील, तर अंगाला जाणवतं ते ढोबळमानाने दोन्हींच्या मधलं, म्हणजे १६ च्या आसपास. "मापक २० दाखवतोय, मग तुला थंडी कशी वाजते?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा भिंतीत असतं. यावरचा उपाय फुकट आहे. पलंग आणि बसायची खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून हलवा, आतल्या भिंतीकडे आणा. आईचा पलंग खिडकीखालून काढला त्या रात्रीच फरक पडला.

माणसामाणसांतला फरकही खरा असतो. कार्यालयांतलं तापमान ठरवायची जी मापं अनेक दशकं वापरली गेली, ती ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाच्या शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेवर बेतलेली होती, आणि बायकांच्या बाबतीत ती चुकतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिलं. म्हणून घरात कोणी काकडत असेल तर तिच्याशी वाद घालू नका, तिची बसायची जागा आणि अंगावरचे कपडे बघा.

ऊब कुठून निसटते

गरम हवा वर चढते आणि छताजवळच्या फटींतून बाहेर पडते. ती जागा भरायला दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून थंड हवा आत ओढली जाते. म्हणजे वरची फट आणि खालची फट या जोडीने काम करतात. पायाशी गार झोत येतो म्हणून फक्त दाराखाली कापड कोंबलं आणि वरचं उघडं राहिलं, तर झोत दुसरी वाट शोधतो.

शोध घ्यायला वारा असलेला दिवस निवडा. सगळी दारं-खिडक्या बंद करा, हाताचा मागचा भाग ओला करून चौकटींच्या कडेने हळूहळू फिरवा. ओल्या कातडीला बारीकसा झोतही लगेच कळतो. पेटलेली उदबत्ती धरली तर धूर कुठे वाकतो तेही दिसतं. फक्त पडद्यापासून जपा. बाहेरचं दार, सरकत्या खिडक्यांचे कोपरे, पाइप भिंतीतून जातात ती भोकं, एसीच्या नळीची फट, ओट्याखालची जागा, पोटमाळ्याचं झाकण, असा फेरा घाला. आमच्या घरातली सर्वांत मोठी गळती न्हाणीघराच्या जुन्या, बंद पडलेल्या पंख्याच्या भोकातून होती. वर्षानुवर्षं ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

हलणाऱ्या भागांना, म्हणजे दार आणि खिडकीच्या कडांना, चिकटणारी फोमची किंवा रबराची पट्टी लावा. लावण्याआधी कड पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर आठवड्यात सुटते. न हलणाऱ्या भेगा सिलिकॉनने भरा. दाराखाली जुन्या कपड्याची लांब उशी शिवून, आत चिंध्या भरून ठेवली तरी काम होतं.

एक गोष्ट मात्र कधीच बुजवायची नाही. ज्या खोलीत गॅसचा गीझर, गॅसचा हीटर, चूल किंवा लाकडाची शेगडी आहे तिथला हवेचा झरोका. तिथून थंडी येत असली तरी तो उघडाच राहिला पाहिजे.

खिडक्यांचं गणित वेगळं आहे, कारण फट नसतानाही काचेतून उष्णता सतत जात असते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर साधारण ५.८ वॅट निघून जातात. २ चौरस मीटरची खिडकी आणि १५ अंशांचा फरक धरला, तर ते होतात १७० वॅटच्या पुढे, अखंड, रात्रभर. दुहेरी काचेने हे निम्म्यावर येतं. काच बदलणं शक्य नसेल तर चौकटीला पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवा. काच आणि प्लास्टिक यांच्यात अडकलेली स्थिर हवा तेच काम बऱ्याच अंशी करते. फुगे असलेलं पॅकिंगचं प्लास्टिकही चालतं, फक्त बाहेरचं नीट दिसत नाही.

पडदे जाड हवेत, खिडकीच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे गेलेले, आणि खाली कठड्याला किंवा जमिनीला टेकणारे. खालून मोकळा सोडलेला पडदा मागची गार हवा थेट खोलीत ओततो. वेळही पाळा. सूर्य मावळला की लगेच पडदे ओढा, तासाभराने आठवण होऊन नव्हे. आणि खिडकीखाली रेडिएटर, म्हणजे आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारा धातूचा पत्रा, असेल तर पडदा त्याच्यावरून सोडू नका, नाहीतर सगळी ऊब पडद्यामागे काचेला मिळते.

उलट ऊन असताना पडदे पूर्ण बाजूला सारा. स्वच्छ आकाश असेल तर हिवाळ्याचं तिरपं ऊन खिडकीच्या एका चौरस मीटरमधून काही शे वॅट उष्णता आत आणतं. काच धुळीने माखलेली असेल तर तीही पुसा. ऊन ज्या भिंतीवर, फरशीवर पडतं तिथलं सामान हलवा. जाड भिंत दिवसभर तापली की संध्याकाळी काही तास तीच ऊब खोलीला परत देते.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर छताला आतून उष्णतारोधक थर लावणं हा सगळ्यात मोठा उपाय, पण ते मोठं काम आहे, कारागीर बोलावूनच करा. फरशी गार असेल तर सतरंजी, गालिचा, जाड चटई, जे असेल ते अंथरा, निदान जिथे पाय टेकतात तिथे तरी.

आधी माणूस, मग खोली

निवांत बसलेलं माणसाचं शरीर सुमारे १०० वॅट उष्णता देत असतं. कपड्यांचं काम एवढंच की ती इतक्या झटपट निघून जाऊ नये. कपड्यांची ऊब मोजायला १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी 'क्लो' नावाचं एकक बनवलं. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखाचं वाटेल इतपत कपडे म्हणजे १ क्लो. खोली त्याहून गार असेल तर तेवढी भर कपड्यांनी घालता येते, आणि त्याला वीज लागत नाही.

एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे, कारण ऊब धरतो तो थरांमधल्या स्थिर हवेचा पापुद्रा. आतला थर घाम शोषून ओला राहणारा नको. मोजे घट्ट नकोत. घट्ट मोज्यांत रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत चुकीची आहे. डोकं उघडं असेल तर त्याच्या आकाराच्या प्रमाणात, म्हणजे साधारण दहावा हिस्सा जातो. तरी बाकी अंग झाकलेलं असताना कानटोपीने बरं वाटतं, हे खरं.

हातपाय आधी गार का पडतात? शरीर आतले अवयव गरम ठेवायला बाहेरच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. म्हणून नुसते हात शेकत बसण्यापेक्षा पोट, पाठ, मांड्या उबदार ठेवा. हातांना रक्त आपोआप मिळतं. तासभर बसून काम झालं की उठा, चार कामं करा. चालताना शरीर बसलेल्यापेक्षा दुपटीहून जास्त उष्णता तयार करतं.

अंथरुणात ऊब देणं हे पूर्ण खोली तापवण्याहून कितीतरी स्वस्त पडतं. विजेचं ब्लँकेट साधारण ६० ते १०० वॅट घेतं, खोलीचा हीटर १५०० ते २०००. झोपण्याआधी अर्धा तास ब्लँकेट लावून अंथरूण तापवा आणि झोपताना बंद करा, रात्रभर चालवण्यासाठीच बनवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ब्लँकेटची घडी घालून चुरगळून ठेवू नका, आतल्या तारा तुटतात.

गरम पाण्याच्या रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतू नका, आणि पिशवी नेहमी कापडात गुंडाळा. रबर कडक झालं, चिरा दिसल्या की टाकून द्या. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. फक्त ४४ अंशांची वस्तूसुद्धा सहा तास त्वचेला चिकटून राहिली तर भाजतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही, सकाळी फोड दिसतो. त्यांच्या अंथरुणात पिशवी आधी ठेवा आणि ते झोपायला आले की काढून घ्या.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र भीती उलट्या बाजूची असते. प्रेमापोटी आपण त्यांना गुंडाळत राहतो. बाळाला गरम पाण्याची पिशवी नको, विजेचं ब्लँकेट नको, आणि पहिलं वर्षभर अंथरुणात मोकळी पांघरुणं, उशा नकोत. झोपताना डोक्यावर टोपीही नको. हात लावून बघायचा तो बाळाच्या छातीला किंवा मानेच्या मागे. हातपाय थोडे गार असणं चालतं. मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करा.

ओल आणि बंद खिडक्या

हिवाळ्यात घरात सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय कोणती असं मला विचाराल तर मी म्हणेन, थंडी आत येईल म्हणून आठवडाभर खिडकीच न उघडणं. श्वास, आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांतून वाफ निघते. कपड्यांची एक धुणी घरात वाळवली तर लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. ते पाणी घरातच राहतं आणि सगळ्यात गार जागा शोधतं. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. कपाटामागची बाहेरची भिंत, खिडकीचा खालचा कोपरा, छताचा कडेचा भाग, काळी बुरशी नेमकी तिथेच का धरते ते यातून कळेल. आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णताही जास्त घालवते.

आता खिडकी उघडण्याच्या खर्चाचा हिशेब. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते, वजन सुमारे ४३ किलो. बाहेर ५ अंश आणि आत २० असताना ती सगळीच्या सगळी बदलली, तर नवी हवा पुन्हा तापवायला ०.१८ युनिट वीज लागते. १००० वॅटचा हीटर अकरा मिनिटं चालवला एवढीच. कारण खोलीतली बहुतेक ऊब हवेत नसतेच, ती भिंती, फरशी आणि सामानात असते, आणि पाच मिनिटांत त्या थंड होत नाहीत.

म्हणून रीत अशी. सकाळी आणि संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडा, हीटर बंद ठेवून. मग घट्ट बंद करा. खिडकी बोटभर उघडी ठेवून दिवसभर तशीच सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण त्यात हवा धड बदलत नाही आणि चौकटीभोवतीची भिंत मात्र गार होत जाते, म्हणजे बुरशीला जागा तयार.

बाहेर धुकं आहे, पाऊस आहे, मग ओलीच हवा आत येणार ना? नाही. ५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला ६.८ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांवर गेली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरते, कारण २० अंशांची हवा १७ ग्रॅमहून जास्त पाणी धरू शकते. थंडीतली बाहेरची हवा घर सुकवते. मापकावर आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. बाहेरची हवा धुराने किंवा प्रदूषणाने भरलेली असेल तर दिवसातली त्यातल्या त्यात स्वच्छ वेळ निवडा.

आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार बंद ठेवा आणि वाफ खिडकीतून किंवा पंख्याने बाहेर जाऊ द्या. दार उघडं टाकून ती "ऊब" घरात घेण्याची सवय अनेकांना असते; आत येतं ते मुख्यतः पाणी. भांड्यांवर झाकण ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-सात सेंटीमीटर सोडून लावा. सकाळी काचेवर पाणी दिसलं तर कापडाने टिपा आणि ते कापड घराबाहेर वाळवा.

आता हीटर

विजेवर तापणाऱ्या तारेचे सगळे हीटर, पंख्याचे असोत, तेलाचे असोत की लाल कांड्यांचे, १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतात. "तेलाचा हीटर वीज वाचवतो" असं दुकानात सांगितलं जातं, ते खरं नाही. फरक आहे तो उष्णता कशी पोचते यात.

लाल कांड्यांचा हीटर समोरच्या माणसाला तापवतो, हवेला कमी. टेबलाशी एकटं बसून काम करताना तो उत्तम, आणि थोड्या वॅटवर भागतं. पंख्याचा हीटर छोटी खोली पटकन तापवतो, पण बंद केला की ऊब जाते, आणि आवाज होतो. तेलाचा हीटर सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज नाही, त्यातलं तेल जळत नाही की संपत नाही. वृद्धांच्या खोलीत रात्री चालवायचा तर मी हाच निवडेन.

या सगळ्यांहून वेगळा आहे तो गरम हवा देणारा एसी, म्हणजे उष्णता पंप. तो उष्णता तयार न करता बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून १ युनिट विजेत अडीच ते चार युनिट ऊब मिळू शकते. तुमच्या एसीत ही सोय असेल तर आधी तो वापरा. झोताची दिशा खाली करा, गरम हवा तशीही वर जाणारच आहे. जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुवा. फार थंडीत तो मधूनच काही मिनिटं थांबतो आणि बाहेरच्या भागातून वाफ निघते. तो बिघाड नाही, साठलेला बर्फ वितळवणं चाललेलं असतं.

रेडिएटर असतील तर त्यांच्यासमोर सोफा नको. खाली गरम आणि वर गार लागत असेल तर आत हवा अडकली आहे. वरच्या छोट्या व्हॉल्व्हने, रेडिएटर निवलेला असताना, हवा सोडून द्या, पाणी थेंबथेंब यायला लागलं की बंद करा.

थर्मोस्टॅट, म्हणजे हीटरवरचं तापमान ठरवायचं बटण, याबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. अमेरिकेतले संशोधक विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये लिहिलं होतं की लोक थर्मोस्टॅटकडे दोन प्रकारे बघतात. काहींना तो पाण्याच्या नळासारखा वाटतो, जास्त फिरवला की धार मोठी. काहींना तो कुठे थांबायचं ते सांगणारी खूण वाटतो. साध्या हीटरच्या बाबतीत दुसरे बरोबर आहेत. २० वर ठेवा की २८ वर, खोली २० पर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागणार. २८ वर ठेवल्याने फक्त तो २० ला थांबत नाही, आणि मग कोणीतरी घामाघूम होऊन खिडकी उघडतं. इन्व्हर्टर एसी फरक मोठा दिसला की जोर वाढवतो, हे खरं, पण हवं तेवढंच तापमान लावून थोडं आधी सुरू करणं तिथेही चांगलं.

एक अंश कमी केल्याने काय होतं? घराची उष्णता आत-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात जाते. बाहेर ५, आत २०, फरक १५. आत १९ केले की फरक १४, म्हणजे गळती जवळजवळ ७ टक्के घटली. याच कारणाने "बंद करून पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवा" हेही चूक आहे. घर जितका वेळ गार असतं तितका वेळ गळती कमी असते. रात्री किंवा बाहेर जाताना हीटर कमी करा. फक्त उष्णता पंप वापरत असाल तर फार खाली आणू नका, दोन अंश पुरे. तो संथ चालतानाच उत्तम काम करतो.

विजेचा हीटर ऑक्सिजन जाळत नाही. ऑक्सिजन जाळते ती ज्योत. त्वचा आणि घसा कोरडा पडतो, कारण तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता घटते. मापकावरची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर तापमान एक-दोन अंश उतरवून पाहा. आर्द्रता ६० च्या वर असताना पाण्याचं भांडं खोलीत ठेवणं म्हणजे बुरशीला पाणी घालणं.

जिथे चूक परवडत नाही

कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, स्वयंपाकाचा गॅस किंवा जनरेटर बंद घरात ऊब मिळवायला किंवा वीज मिळवायला कधीही वापरू नका. "धूर संपला, आता निखारे आत घ्यायला हरकत नाही" या एका वाक्याने कुटुंबंच्या कुटुंबं झोपेत गेली आहेत. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही लक्षणं. घरातल्या एकाहून जास्त जणांना एकाच वेळी झाली, किंवा बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर संशय घ्या. सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग वैद्यकीय मदत बोलवा. गॅस किंवा लाकूड जाळणारं काहीही घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. गॅसची ज्योत निळी न राहता पिवळी दिसली, आसपास काजळी धरली, तर ते यंत्र बंद करून तपासून घ्या. वर्षातून एकदा तपासणी कराच.

विजेच्या हीटरपासून पडदा, अंथरूण, कपडे सगळं निदान एक मीटर लांब ठेवा. हीटरवर कपडे वाळत घालायचे नाहीत, घाईतही नाही. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो, आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यासाठी बनवलेला नसतो. हीटर थेट भिंतीतल्या जाड पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर बंद करून वायरमनला बोलवा. मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घालून "हीटर" बनवण्याचे व्हिडिओ फिरतात. एक मेणबत्ती साधारण ८० वॅट देते, कुंडीमुळे त्यात काही भर पडत नाही, आणि तापलेलं मेण भडकू शकतं.

घरात एकमत कसं करायचं

थंडी सोसणं याला कित्येक घरांत चांगल्या वळणाची खूण मानतात, आणि हीटर मागणाऱ्याला नाजूक ठरवतात. दुसरीकडे घरात स्वेटर घालणं कमीपणाचं वाटणारी माणसंही आहेत. दोन्ही बाजूंना मी एकच विनंती करेन, बोलण्याआधी मापक बघा. आमच्याकडे आता ठरलं आहे की आईच्या खोलीचा आकडा १९ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, तिने काहीही म्हटलं तरी. बाकी खोल्यांत आधी कपडे, मग हीटर. एका संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं ठरवलं तर एकच खोली तापवावी लागते, आणि चार माणसं स्वतःच चारशे वॅट देत असतात. न वापरलेल्या खोल्यांची दारं बंद ठेवा, पण त्यांनाही रोज थोडी हवा द्या, नाहीतर ओल तिथे जाऊन बसते.

वृद्ध माणूस थंडीत गोंधळल्यासारखं बोलू लागला, बोलणं जड झालं, चाल अडखळू लागली किंवा पोटाची कातडीही गार लागली, तर ते म्हातारपण समजून सोडू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं तर जिवाला धोका असतो. लगेच डॉक्टरांना बोलवा, कोरड्या उबदार पांघरुणांत गुंडाळा, हातपाय चोळू नका.

थंडी सरल्यावर

हीटर ठेवून देण्याआधी प्लग काढून, पूर्ण निवल्यावर, जाळीतली धूळ ब्रशने आणि कोरड्या कापडाने साफ करा. वायर हीटरभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. तेलाचा हीटर उभाच ठेवा. पुढच्या मोसमात पहिल्यांदा लावाल तेव्हा उरलेल्या धुळीचा वास येतो, म्हणून त्या दिवशी खिडकी उघडून तासभर चालवा. आणि आकड्यांची वही जपून ठेवा. सगळ्यात गार खोली कोणती, कुठल्या कोपऱ्यात ओल धरली, कोणत्या फटीतून झोत आला, ते त्यात लिहिलेलं असेल, तर पट्ट्या आणि सिलिकॉनचं काम कोरड्या, उबदार दिवसांत उरकता येतं. तेव्हाच ते नीट चिकटतं.